स्टोअर सूचना (ॲरेतील लेखन)

प्रोसेसरच्या रजिस्टरमधील (त्याच्या आतल्या छोट्या साठवण-कप्प्यातील) मूल्य मेमरीतील एखाद्या पत्त्यावर लिहिणारी यंत्रसूचना. एआरएम, रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-घराण्यांत तिला वेगळे नाव आहे. इंटेलच्या एक्स८६ मध्ये मात्र वाचणे आणि लिहिणे दोन्ही ‘मूव्ह’वरच भागते; चौकटी कंसातला पत्ता डावीकडे असला की ते लेखन.

सूचनेला तीनच गोष्टी कळतात: काय लिहायचे, कुठे आणि किती बाइट. ॲरे, म्हणजे सारख्या आकाराच्या घटकांची सलग रांग, नावाची वस्तू प्रोसेसरला ठाऊकच नसते. आरंभीच्या पत्त्यात ‘क्रमांक गुणिले घटकाचा आकार’ मिळवून जागा काढणे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचे किंवा कंपायलरचे (प्रोग्रामचे यंत्रसूचनांत भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) काम. आकार १, २, ४ किंवा ८ बाइट असेल तर एक्स८६ हा गुणाकार त्याच सूचनेत उरकते.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाच्या मायक्रोप्रोसेसर प्रॅक्टिकलला हे हाताने करावे लागे. पाच ६४-बिट हेक्साडेसिमल (सोळा पायाच्या) संख्या घ्यायच्या, ॲरेत साठवायच्या आणि पुन्हा दाखवायच्या, असा तो परिचित प्रयोग. कीबोर्डवरून आलेल्या सोळा अक्षरांची संख्या आरबीएक्स या रजिस्टरमध्ये तयार झाली, आणि आरएसआय या दुसऱ्या रजिस्टरमध्ये ॲरेतला पत्ता असला, की ‘मूव्ह [आरएसआय], आरबीएक्स’, मग ‘ॲड आरएसआय, ८’, काउंटर एकने कमी, आणि शून्य झाला नसेल तर परत वर. एकूण ४० बाइट.

इथे ८ ऐवजी १ मिळवला तर काय होते ते बघण्यासारखे आहे. एक्स८६ सर्वांत कमी वजनाचा बाइट आधी ठेवते. त्यामुळे दुसरी संख्या पहिलीचे वरचे सात बाइट पुसून टाकते आणि पहिलीचा फक्त शेवटचा बाइट शिल्लक राहतो. छपाईतही एकेकच पुढे सरकत गेले, तर पाचवी संख्या अचूक दिसते. आधीच्या चारांचे मात्र शेवटचे दोनच अंक बरोबर येतात. असेंब्लर (अशा सूचनांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) याबद्दल चकार शब्द काढत नाही. जीडीबी या दोष शोधण्याच्या साधनात बाइटवार मेमरी पाहिली की लगेच उलगडा होतो.

सहावी संख्या लिहिली तरी तक्रार येईलच असे नाही. पुढे जे काही व्हेरिएबल असेल त्याच्यावर ती बसते. पत्ता प्रोग्रामला न दिलेल्या किंवा फक्त वाचण्याची परवानगी असलेल्या पानात (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यात) गेला, तरच ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ ही चूक येऊन प्रोग्राम थांबतो. पान सहसा ४०९६ बाइटचे असते.

लिहिलेले मूल्य तडक रॅममध्येही जात नाही. आधी ते प्रोसेसरमधल्या स्टोअर बफर या तात्पुरत्या रांगेत थांबते, मग कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत) उतरते. हल्लीच्या एक्स८६ मध्ये कॅशची ओळ, म्हणजे एकत्र हाताळला जाणारा तुकडा, ६४ बाइटची असते, म्हणून वरचा सगळा ॲरे एका ओळीत मावू शकतो. आरंभ आडनिडा पडला तर दोन लागतात.

एकच मूल्य सगळीकडे भरायचे असेल, उदाहरणार्थ मेमरीचा एखादा तुकडा शून्य करायचा असेल, तर ‘रेप स्टॉसक्यू’ ही एकच सूचना पुरते: मूल्य आरएएक्समध्ये, पत्ता आरडीआयमध्ये, किती वेळा लिहायचे ती संख्या आरसीएक्समध्ये. डिरेक्शन फ्लॅग (भरण्याची दिशा ठरवणारा बिट) आधी ‘सीएलडी’ या सूचनेने साफ केलेला बरा, कारण तो एक असेल तर भरणे मागच्या दिशेने चालते.