पार्किंग, गॅरेज आणि सोसायटीचे देयक: सभासदांसाठी माहितीपत्रक

आमचे कार्यालय पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागातील सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशेब लिहिते, दर तिमाहीची देयके काढते आणि लेखापरीक्षणासाठी दप्तर तयार ठेवते. देयके वाटली गेली की पुढचा आठवडाभर सभासदांचे फोन येतात, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक प्रश्न ‘पार्किंग शुल्क’ या एकाच ओळीबद्दल असतात. फोनवर घाईत दिलेले उत्तर समोरच्याला पटतेच असे नाही, म्हणून हे माहितीपत्रक लिहिले आहे. यातील नियम महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० आणि शासनाच्या २०१४ च्या आदर्श उपविधींवर (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांवर) आधारलेले आहेत; तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या आणि निबंधकांनी मंजूर केलेल्या उपविधींत एखादी तरतूद निराळी असेल, तर तीच तुम्हाला लागू होते.

गाडी लावली नाही तरी शुल्क का?

एक सभासद नोकरीनिमित्त वर्षभर परदेशी होते. त्यांची गाडी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांच्या उघड्या जागेत, खांब क्रमांक ७ शेजारी राखाडी कव्हर घालून उभी होती. चारही टायर बसलेले, कव्हरवर बोटभर धूळ. परत आल्यावर चारही तिमाह्यांची देयके हातात घेऊन ते कार्यालयात आले आणि म्हणाले, “गाडी जागची हलली नाही, मग पार्किंगचे पैसे कसले?” प्रश्न रास्त वाटतो, आणि त्यांचा सूरही भांडणाचा नव्हता. परंतु आदर्श उपविधींचे उत्तर स्पष्ट आहे. ज्या सभासदाला पार्किंगची जागा वाटून दिली आहे, त्याने सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने शुल्क भरायचे असते, मग तो तेथे प्रत्यक्ष गाडी लावो अथवा न लावो. एकापेक्षा जास्त जागा मिळाल्या असतील, तर प्रत्येक जागेचे शुल्क वेगळे भरावे लागते.

यामागचे कारण समजून घेतले की नियम जाचक वाटत नाही. ती जागा तुमच्या नावे राखून ठेवल्यामुळे दुसऱ्या सभासदाला देता येत नाही, आणि वर्षभर तिच्यावरचा दिवा जळतो, रखवालदार तिच्याकडे लक्ष ठेवतो, पावसाळ्यात साचलेले पाणीही सोसायटीच उपसते. पार्किंग शुल्क हे गाडी उभी करण्याचे भाडे नसून, सामाईक जागेतील एक तुकडा स्वतःसाठी राखून घेतल्याबद्दलचा तुमचा वाटा आहे. लांबच्या मुक्कामाला जाणार असाल, तर जागा लेखी अर्ज देऊन सोसायटीला परत करता येते. तसे केल्यास पुढील शुल्क थांबते, पण परत आल्यावर तीच जागा मिळेल याची हमी राहत नाही. वरील सभासदांनी असा अर्ज दिलेला नव्हता, त्यामुळे त्यांना चारही तिमाह्यांचे शुल्क भरावे लागले. व्यवस्थापन समितीला दया आली तरी सभेने ठरवलेले शुल्क ती स्वतःच्या अधिकारात माफ करू शकत नाही.

गॅरेज, स्टिल्ट आणि मोकळी जागा

हे तीन शब्द रोजच्या बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जातात आणि बहुतेक वादांचे मूळ तेथेच असते. कायद्याच्या भाषेत गॅरेज म्हणजे वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. जुन्या सोसायट्यांत इमारतीच्या मागच्या अंगाला शटर लावलेली अशी गॅरेजे आजही दिसतात. ती मूळ करारनाम्याने सदनिकेसह किंवा स्वतंत्रपणे विकत घेतलेली असतात आणि पुष्कळदा त्यांची मालमत्ता कराची आकारणीही वेगळी असते. स्टिल्ट म्हणजे इमारतीखाली खांबांवर उभी असलेली, बाजूंनी उघडी जागा. मोकळी जागा म्हणजे कुंपणाच्या आत, आकाशाखाली आखलेले चौकोन.

दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निर्णय दिला, की महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका कायद्याखाली स्टिल्ट पार्किंग हे गॅरेज ठरत नाही, ती सामाईक जागा आहे आणि विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी सभासदांजवळ विकासकाने दिलेली ‘पार्किंग अलॉटमेंट’ची पत्रे असतात, आणि त्यासाठी लाखभर किंवा त्याहून अधिक रक्कम मोजलेली असते. त्यांना हे सांगताना आम्हालाही वाईट वाटते, पण जुन्या कायद्याखालील इमारतींत अशा पत्राने स्टिल्टची मालकी मिळत नाही. बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणारा रेरा कायदा, २०१६ लागू झाल्यानंतरच्या प्रकल्पांत आच्छादित पार्किंगचा उल्लेख नोंदणीकृत करारनाम्यात करता येतो. मात्र उघड्यावरचे पार्किंग तेथेही सामाईक सुविधांतच मोडते. त्यामुळे सदनिका घेताना पार्किंगचा क्रमांक, मोजमाप आणि ठिकाण करारनाम्यातच लिहून घ्यावे, वेगळ्या चिठ्ठीवर विसंबू नये.

स्टिल्ट आणि मोकळ्या जागांचे वाटप व्यवस्थापन समिती करते. त्यासाठी सभासदाकडे स्वतःचे वाहन असावे लागते आणि साधारणपणे एका सभासदाला एकच जागा मिळते. मागणी करणारे जास्त आणि जागा कमी असतील, तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप होते. सर्वांची सोय होऊन जागा उरली, तर दुसरी जागा वर्षभराच्या मुदतीने देता येते, पण दुसऱ्या सभासदाला गरज पडली की ती सोडावी लागते. वाटून दिलेली जागा सभासदाला विकता किंवा परस्पर दुसऱ्याला देता येत नाही, आणि सदनिका विकली म्हणून ती खरेदीदाराकडे आपोआप जात नाही. खरेदी-विक्रीच्या बोलणीत ‘पार्किंगसह’ असे तोंडी सांगितले जाते, तेव्हा खरेदीदाराने सोसायटीचे पत्र जरूर मागावे.

सभासद होताना येणारा खर्च

नव्या सभासदाला सोसायटीचे ५० रुपयांचे किमान १० भाग (शेअर), म्हणजे ५०० रुपयांचे भागभांडवल, आणि १०० रुपये प्रवेश शुल्क भरावे लागते. सदनिका विकत घेऊन सभासद होणाऱ्याच्या बाबतीत जुन्या सभासदाचे भाग हस्तांतरित होतात; त्यासाठी ५०० रुपये हस्तांतरण शुल्क असते. याखेरीज सोसायटी हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) घेऊ शकते, पण ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार महानगरपालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे आणि लहान नगरपालिका व ग्रामपंचायत हद्दीत ती याहून कमी आहे. देणगी, इमारत निधी किंवा स्वेच्छा वर्गणी अशा नावाखाली यावर रक्कम मागितली जात असेल, तर सभासदाने ती देण्यास नकार द्यावा. आमच्या कार्यालयाने अशा पावत्या बनवण्यास नेहमीच नकार दिला आहे, आणि त्यापायी एक काम आम्हाला सोडावेही लागले.

देयकातील इतर ओळी

देयकाची बेरीज पाहून वाद घालण्यापेक्षा प्रत्येक ओळ कोणत्या सूत्राने वाटली आहे हे पाहावे, कारण प्रत्येकीचे सूत्र निराळे असते. मालमत्ता कर ज्याच्या सदनिकेचा जेवढा, तेवढाच त्याने भरायचा. पाणीपट्टी सदनिकेतील नळजोडांची संख्या आणि आकार यांवरून ठरते. रखवालदार, सफाई, सामाईक वीज, कार्यालयीन खर्च आणि लेखापरीक्षण यांचे सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते. सदनिका मोठी म्हणून ते जास्त किंवा लहान म्हणून कमी आकारता येत नाही. लिफ्टचा खर्चही समान वाटला जातो. तळमजल्यावरील सभासदांना तो अन्यायाचा वाटतो आणि त्यांची भावना आम्ही समजू शकतो, पण उपविधींनी वापर ही कसोटी मानलेली नाही.

दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या भविष्यातील मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) मात्र बांधकाम खर्चावर ठरतात. जमिनीची किंमत वगळून सदनिकेचा बांधकाम खर्च ८ लाख रुपये धरला, तर वर्षाला किमान ०.७५ टक्के दराने दुरुस्ती निधी ६,००० रुपये, म्हणजे महिना ५०० रुपये होतो, आणि किमान ०.२५ टक्के दराने सिंकिंग फंड वर्षाला २,००० रुपये, म्हणजे महिना सुमारे १६७ रुपये होतो. कित्येक सोसायट्या देयक हलके दिसावे म्हणून हे दोन निधी नावापुरतेच घेतात. मग पंधरा-वीस वर्षांनी स्लॅबमधून गंजलेली सळई दिसू लागते, आणि प्रत्येक सभासदाला एकदम लाख-दीड लाखाची मागणी येते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाला त्या दिवशी किती जड जाते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. निधी नियमित घ्या, असे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो.

सदनिका भाड्याने दिली असेल, तर बिनभोगवटा शुल्क लागते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. सेवाशुल्क १,८०० रुपये असेल, तर हे शुल्क जास्तीत जास्त १८० रुपये. आई-वडील, मुले यांसारखे जवळचे नातेवाईक राहत असतील, तर ते आकारता येत नाही. वस्तू व सेवा कराची भीती बहुतेकांना विनाकारण वाटते: सभासदाची मासिक वर्गणी ७,५०० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर हा कर नाही.

थकबाकी आणि व्याज

देयक मुदतीत भरले नाही, तर सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने व्याज लागते. आदर्श उपविधींनुसार हा दर द.सा.द.शे. २१ हून अधिक असू शकत नाही आणि ते सरळव्याजच असावे लागते. समजा तिमाहीचे ६,००० रुपये पूर्ण तीन महिने थकले, तर २१ टक्के दराने व्याज ३१५ रुपये होते. पुढच्या तिमाहीचेही ६,००० थकले, तर त्या तिमाहीचे व्याज १२,००० रुपयांवर, म्हणजे ६३० रुपये होईल. ते १२,३१५ रुपयांवर काढले, तर व्याजावर व्याज लागते आणि रक्कम साडेसोळा रुपयांनी वाढते. आकडा किरकोळ दिसतो, पण काही संगणकीय प्रणालींत ही चूक वर्षानुवर्षे चालत राहते. आपले देयक या रीतीने एकदा स्वतः तपासून पाहावे.

देयक किंवा सूचना मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम न भरणारा सभासद थकबाकीदार ठरतो आणि त्याला समितीवर राहता येत नाही. त्यानंतर सोसायटी अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करू शकते. दाखला मिळाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, म्हणजे विशेष वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. पार्किंगच्या काही हजारांवरून सुरू झालेले प्रकरण येथवर आलेले पाहिले की वाटते, पहिल्याच तिमाहीत दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या असत्या, तर हे टळले असते.

रक्कम मान्य नसेल, तर भरणे बंद करणे हा उपाय नव्हे. वादातीत रक्कम मुदतीत भरावी आणि उरलेल्या ओळीबद्दल समितीला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. समितीने आपल्या पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन त्यानंतर १५ दिवसांत तो कळवायचा असतो. समाधान झाले नाही, तर पार्किंगचे वाटप आणि जादा आकारणी यांचे वाद सहकार न्यायालयात जातात. दप्तर पाहू न देणे, भाग दाखला न देणे अशा तक्रारी उपनिबंधकांकडे कराव्यात. पार्किंगचा दरच जास्त वाटत असेल, तर वार्षिक सर्वसाधारण सभा ही त्याची जागा आहे. ती ३० सप्टेंबरपर्यंत भरवावी लागते, आणि दर ठरवण्याचा अधिकार त्या सभेत बसलेल्या तुमचाच असतो.

पैसे भरताना

सोसायटीच्या बँक खात्यात यूपीआयने आलेल्या रकमांवर पुष्कळदा केवळ एक मोबाइल क्रमांक किंवा घरातील दुसऱ्याच कोणाचे नाव असते. मुलाने बंगळुरूहून ३,६०० रुपये पाठवलेले असतात, पासबुकात ते दिसतात, पण ते कोणत्या सदनिकेचे हे कळत नाही. मग ती रक्कम ‘ओळख न पटलेली जमा’ या खात्यात पडून राहते आणि इकडे वडिलांच्या नावे व्याज लागत जाते. म्हणून पैसे पाठवताना शेऱ्यात इमारतीचे अक्षर, सदनिका क्रमांक आणि तिमाही लिहावी. धनादेशाच्या मागेही हेच लिहावे. ‘बी-१०४, एप्रिल-जून’ एवढे पुरते. पूर्वीची अशी एखादी रक्कम तुमच्या खात्यात दिसत नसेल, तर बँकेच्या नोंदीची प्रत आणि त्या तिमाहीचे देयक घेऊन सचिवांकडे किंवा आमच्या कार्यालयात यावे. नोंद जुळली की भरणा केल्याच्या तारखेपासून ती जमा धरली जाते आणि त्यानंतर लावलेले व्याज पुढच्या देयकात वजा केले जाते.