शिसं परत फुगत नाही: जाड कास्ट गोळी आणि रिलोडिंगच्या डाय

मी भोसरीत एका टूलरूममध्ये प्रेस टूलवर आठ वर्षं काढली, त्यामुळे स्प्रिंगबॅक हा शब्द डोक्यात पक्का बसलाय. पत्रा ९० अंशात वाकवायचा तर डाय ८८ ची करायची, कारण दाब सोडला की पत्रा थोडा मागे येतोच. इतक्या वर्षांनी हे परत आठवलं ते इथे ओहायोमध्ये, शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये. ते रिटायर्ड मशिनिस्ट आहेत, शिसं वितळवून पिस्तुलाच्या गोळ्या स्वतः ओततात आणि वापरलेल्या पितळी पुंगळ्या परत भरतात. इथे हा छंद कायदेशीर आहे आणि बरेच लोक करतात. आपल्याकडे आर्म्स ॲक्ट १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय काडतूस बनवता येत नाही, ते आधीच सांगतो. मला यात रस आहे तो दोन धातू एकाच डायमध्ये किती वेगळे वागतात त्याचा.

तर झालं असं की त्यांच्या ९ एमएम पिस्तुलाच्या बॅरलमध्ये पन्नासेक गोळ्यांनंतर शिशाच्या चकचकीत रेघा चिकटायला लागल्या, आणि त्या खरवडून काढणं म्हणजे अख्ख्या संध्याकाळचं काम. त्यांना वाटलं शिसं मऊ पडतंय. म्हणून कथील आणि अँटिमनी वाढवून मिश्रण कडक केलं, तरी रेघा तशाच.

आता गोळी जाड का ठेवतात ते बघू. फॅक्टरीची तांब्याचं कवच असलेली ९ एमएम गोळी ०.३५५ इंच, म्हणजे ९.०२ मिमी असते. शिशाची गोळी मात्र बॅरलच्या आतल्या खाचांच्या मापापेक्षा इंचाच्या हजाराव्या भागाच्या एक-दोन पट मोठी लागते. तीन ते पाच शतांश मिमी, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण तेवढ्यावरच सगळं अवलंबून आहे, कारण गोळी खाचेपेक्षा बारीक असली की मागचा तापलेला गॅस फटीतून पुढे घुसतो आणि गॅस कटरसारखा शिशाची कड कापत जातो, आणि ते कापलेलं शिसं बॅरलला जाऊन चिकटतं. आजोबांनी मऊ शिशाचा तुकडा तेल लावून बॅरलमधून हळूच ठोकत बाहेर काढला आणि मोजला, खाच भरली ९.०५ मिमी. त्यांच्या गोळ्या ०.३५८ इंचाच्या, म्हणजे ९.०९. कागदावर एकदम बरोबर! मग गॅस जातो कुठून?

मी म्हटलं, गोळी पुंगळीत घालायच्या आधी मोजलीत, घातल्यावर मोजलीय का? त्यांनी दारू आणि प्रायमर (ती दारू पेटवणारी टिकली) न घालता एक डमी काडतूस बनवलं, हातोडीसारखा पुलर असतो त्यात अडकवून दोन-तीनदा आपटलं, गोळी बाहेर आली. मायक्रोमीटर लावला तर ९.०२. आत गेली ९.०९ आणि बाहेर आली ९.०२! कडेला नीट बघितलं तर जिथपर्यंत पितळेत बसली होती तिथे एक बारीक पायरी पडलेली, नखाला लागत होती.

खरी गोम इथे आहे. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, आणि ठोकून-ओढून ते चांगलंच कडक झालेलं असतं. दाबलं की थोडं दबतं आणि सोडलं की दोन-तीन शतांश मिमी परत बाहेर येतं. शिशात ही ताकद जवळजवळ नाहीच, त्याला एकदा दाबलं की ते तिथेच राहतं. त्यामुळे पितळ आणि शिसं एकत्र पिळून काढलं तर पितळ मागे सरकतं, शिसं सरकत नाही, आणि गोळी बारीक तर होतेच पण पुंगळीत सैलही बसते. हे सैल बसणं जास्त वाईट. पिस्तुलाने काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला ते बसतं त्या जागेत, ढकलताना गोळीचं नाक आपटतं, गोळी मागे सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब धोकादायक वाढू शकतो. आणि बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, काडतूस अगदी देखणं दिसतं.

पिळत होतं कोण? दोन ठिकाणं सापडली. पुंगळी भरताना ती प्रेसवर एकामागून एक वेगवेगळ्या डायमधून दाबतात. त्यातली एक म्हणजे शेवटची डाय, जिच्या बुडात कार्बाइडची रिंग असते. प्रत्येक काडतूस मापात यावं म्हणून ती रिंग बाहेरून सगळं दाबून घेते, पण तिचं माप कवचवाल्या ९.०२ च्या गोळीसाठी धरलेलं. आमची गोळी ९.०९, पितळ दोन्ही बाजूला ०.२७, बेरीज ९.६३ मिमी. अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे पुंगळीचं तोंड जास्तीत जास्त ९.६५ चालतं, म्हणजे काडतूस मापात होतं, तरी रिंग ते घासत होती. आजोबांना वर्षभर वाटत होतं की प्रेसचा लिव्हर जड लागतोय म्हणजे क्रिम्प (पुंगळीच्या तोंडाची शेवटची आवळणी) छान बसतोय, पण तो जोर सगळा शिसं पिळण्यात चालला होता. त्यांनी ती डाय काढूनच टाकली आणि साधी टेपर क्रिम्प डाय लावली.

दुसरं ठिकाण जास्त इंटरेस्टिंग आहे. गोळी बसवायच्या आधी पुंगळीचं तोंड आतून उघडतात, त्या प्लगला एक्सपांडर म्हणतात. त्यांचा प्लग ०.३५३ इंच होता, म्हणजे ८.९७ मिमी. त्या भोकात ९.०९ चं शिसं शिरणार, म्हणजे बारा शतांशचा फरक, मग पितळ जिंकणारच. इथे नवीन माणूस डाय खाली फिरवत बसतो. डायचे आटे इंचाला १४ असतात, म्हणजे एका फेऱ्याला १.८१ मिमी आणि चौथाई फेऱ्याला ०.४५. पण फिरवून प्लग फक्त खोल जातो, जाड होत नाही! तोंड कर्ण्यासारखं फाकतं आणि खालचं भोक तेवढंच राहतं. प्लगच बदलावा लागतो. आम्ही ०.३५६ चा घेतला, ९.०४ मिमी, लायमन कंपनीच्या एम डायसारखा दोन पायऱ्यांचा. लांब पायरी गोळीपेक्षा थोडी बारीक आणि वरची आखूड पायरी गोळीपेक्षा किंचित जाड, त्यामुळे गोळी तोंडात हाताने सरळ उभी राहते आणि कड शिसं खरवडत नाही. फिरवणं इथे कामाचं, कारण लांब पायरी गोळीचं बूड जिथे येणार तिथपर्यंत पोचली पाहिजे. तशात ९ एमएमची पुंगळी निमुळती आहे आणि पितळ खाली जाड होत जातं, म्हणून लांब, जड गोळीचं बूडच आधी चेपतं.

पुढचं पटकन सांगतो. गोळी बसवणं आणि क्रिम्प हे दोन वेगळ्या टप्प्यांत करायचं, एकत्र केलं तर गोळी खाली सरकत असतानाच तोंड आवळतं आणि शिशाची साल निघते. क्रिम्प म्हणजे या काडतुसात फक्त फाकलेलं तोंड सरळ करणं. ९ एमएम चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवरच टेकतं, ती कड आत वळवली तर टेकायला काही उरत नाही. रिव्हॉल्व्हरच्या पॉइंट ३८ स्पेशल काडतुसाला मागे बाहेर आलेली कड (रिम) असते आणि ते तिच्यावर टेकतं, म्हणून तिथे वळवलेलं चालतं. पुंगळी सुरुवातीला लहान करणारी सायझिंग डाय आम्ही हलवली नाही, तिने बूड मापात आणलंच पाहिजे.

मग परत डमी बनवली. बॅरल पिस्तुलातून काढून टेबलावर उभं धरलं आणि काडतूस वरून सोडलं, टक् आवाज करून खाली बसलं, बोटाने फिरवलं तर मोकळं फिरलं, उलटं केल्यावर आपोआप बाहेर पडलं. दुसरी डमी नाकावर उभी करून बेंचवर अंगठ्याने जोरात दाबली आणि लांबी परत मोजली, काही फरक नाही, म्हणजे पकड आहे. शेवटी पुलरने गोळी काढली. आजोबांनी मायक्रोमीटर दोनदा लावला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा लावला. ९.०८.

शिसं हाताळताना ते दरवाजा उघडा ठेवतात, पंखा लावतात आणि साबणाने हात धुतल्याशिवाय मला कॉफीचा कप देत नाहीत, हे मला फार आवडतं. पुढच्या शनिवारी ते रेंजवर जाऊन आले आणि येताना बॅरल फडक्यात गुंडाळून माझ्या दारात उभे. दिव्याकडे धरून आत बघितलं तर काजळीचा थर होता आणि त्याखाली खाचा शेवटपर्यंत दिसत होत्या. त्यांनी तिथेच स्केच पेन काढून नवीन एक्सपांडर डायच्या लॉक नटवर एक काळी रेघ मारली, म्हणजे ती जागा परत हलणार नाही.