बोक्याच्या वासातलं गंधक

पावसाळ्यात मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक उपाय हमखास फिरतो. मांजर कपड्यांवर मुतलं तर व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून ओता, येणारा फेस डागातलं ‘युरिक अ‍ॅसिड’ ओढून काढतो! यातली दोन्ही विधानं चुकीची आहेत. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली. एकत्र आले की दोघंही निकामी होतात. फेस असतो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी.

युरिक आम्लालाही इथे उगाच बदनाम केलं जातं. माणसात युरिक आम्ल मोडणारं युरिकेज हे एन्झाइम उत्क्रांतीच्या ओघात बंद पडलं, म्हणून तर आपल्याला गाउट हा सांधेदुखीचा आजार होतो. मांजर-कुत्र्यांत ते शाबूत आहे. त्यांचं यकृत बहुतेक युरिक आम्लाचं अ‍ॅलंटॉइन करतं आणि ते पाण्यात कितीतरी सहज विरघळतं. डाल्मेशियन कुत्रा तेवढा अपवाद. तरीही ‘युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक फोडणारं’ म्हणून महागड्या बाटल्या खपतात.

मग वास कशाचा? एक भाग लघवीतल्या युरियाचा. हवेतले आणि कापडावरचे जिवाणू युरिएज या एन्झाइमने त्याचा अमोनिया करतात. मुंबईच्या दमट जुलैत, गॅलरीत कपडे दोन-दोन दिवस सुकत नाहीत तेव्हा तर जोमाने. पण अमोनिया पाण्यात विरघळतो, उडूनही जातो. डाग ओला असतानाच भरपूर गार पाण्याने खळबळून घेतला तर कुत्र्याच्या लघवीचा वास बहुधा साध्या धुण्यातच जातो.

मांजराची गोष्ट वेगळी, आणि मला तीच विलक्षण वाटते. मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. नसबंदी न झालेल्या बोक्यात ते मांजरीपेक्षा कितीतरी जास्त. त्याची निर्मिती करणाऱ्या कॉक्सिन या प्रथिनाचं काम जपानमधल्या मासाओ मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उलगडलं. गंमत अशी की फेलिनिनला स्वतःला वास नाही. ते सावकाश तुटतं आणि त्यातून थायॉल गटातली बाष्पशील संयुगं सुटतात. थायॉल म्हणजे टोकाला गंधक आणि त्याला चिकटलेला हायड्रोजन. आपलं नाक या जोडीबाबत कमालीचं तीक्ष्ण आहे. अत्यल्प प्रमाणही पुरतं. म्हणून वरवर धुतलेलं दप्तर सुकल्यावर बरं वाटतं आणि पुढच्या सरीला पुन्हा घमघमतं: फोममध्ये उरलेलं फेलिनिन ओल मिळाल्यावर पुन्हा तुटत असतं.

अत्तर किंवा डांबरगोळ्या इथे फक्त वास झाकतात. थायॉलचा रेणूच बदलायला हवा. १९९३ मध्ये पॉल क्रेबॉम या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने स्कंक या दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्याच्या वासावर उतारा दिला: हायड्रोजन परॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि थोडा द्रव साबण. स्कंकचा वासही थायॉलचाच. अल्कलीत थायॉलचा हायड्रोजन सुटतो आणि ऋणभारित गंधक उरतं. ते परॉक्साइडमधल्या ऑक्सिजनवर तुटून पडतं. आधी दोन रेणू जोडून डायसल्फाइड, पुढे ऑक्सिजन वाढत जाऊन सल्फॉनिक आम्लाचा क्षार. तो उडत नाही, पाण्यात विरघळतो, नाकापर्यंत पोचतच नाही. सोड्याच्या द्रावणाचा पीएच जेमतेम ८.३, त्यामुळे एका वेळी थोडेच रेणू भारित असतात. पण ते खर्ची पडले की त्यांच्या जागी नवे तयार होतात. म्हणून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, घासत बसायचं नाही.

केमिस्टकडे मिळणारं परॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं असतं. लेबल पाहून तेवढंच पाणी घालून ते ३ टक्के करावं. एक लिटरला पाव कप सोडा आणि चमचाभर भांड्यांचा द्रव साबण. हातमोजे घालावेत. मिश्रण लगेच वापरावं, उरलेलं बाटलीत बंद करू नये. ऑक्सिजन सुटून बाटली फुटू शकते. रंग उडतो, तेव्हा आधी शिवणीच्या आत थेंब टाकून पाहावा. रेशीम, लोकर, जरीचं कापड आणि चामडं यांना हे लावूच नये; पैठणी ड्रायक्लीनरकडेच जावी. ब्लीच तर लघवीवर कधीच नको: अमोनियाशी त्याचा विषारी क्लोरामाइन वायू होतो.

‘मांजर सूड म्हणून मुतलं’ हेही ऐकायला मिळतं. मांजराला सूड कळत नाही. बोका खूण करतो, घाबरतो किंवा आजारी असतो. नसबंदीने खुणेसाठी लघवी फवारणं बरंच कमी होतं. आणि तो पुन्हा पुन्हा बसून जोर करतोय पण थेंबच येतोय, तर मूत्रमार्ग अडला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा कपडे बाजूला ठेवून त्याला तत्काळ जवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडे किंवा परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात न्यावं. उशीर झाला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.