समुद्रगवत आणि बांधकामाचा परवाना

एक हेक्टर कुरणावर वाहनतळ करण्याचा अर्ज नगरपालिकेकडे येतो. रस्त्याची रुंदी मोजली जाते, अग्निशमनाचा बंब आत वळेल का ते पाहिलं जातं, शुल्क भरून घेतलं जातं आणि परवाना मिळतो. त्या फाइलमध्ये समुद्राचा उल्लेख कुठेच नसतो. पण किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रातलं गवत, शिंपले, माशांची पिल्लं यांचं पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी अशाच फाइलींवरच्या सह्या ठरवतात. पाणीपुरवठा एका खात्याकडे, पूर दुसऱ्याकडे, सागरी जीवसृष्टी तिसऱ्याकडे अशी वाटणी कारभारात सोयीची वाटते. प्रत्यक्षात हे एकच पाणी असतं, आणि कारभाराच्या बहुतेक चुका ते वेगवेगळं समजल्यामुळे होतात.

आधी साधा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लीटर पाणी पडलं. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर एका हेक्टरवर 5 लाख लीटर पाणी पडतं. तिथे कुरण असेल तर साधारण पाचवा हिस्सा वाहून जातो. बाकीचं मातीत मुरतं किंवा गवतात, खळग्यांत अडतं. डांबर घातलं की नव्वद टक्के वाहतं. म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लीटर पाणी ओढ्यात जायचं, तिथे आता 125 लीटर जातं.

पाणी किती वेळात पोचतं, हे त्याहूनही महत्त्वाचं. गवतातून, मातीतून वाट काढत येणारं पाणी ओढ्यात तासन्‌तास येत राहतं. पन्हाळी आणि गटारांतून येणारं पाणी काही मिनिटांत येतं, आणि शहरातल्या सगळ्या छपरांवरचं जवळजवळ एकाच वेळी येतं. पूर येतो तो या एकत्र येण्यामुळे. म्हणूनच वरच्या भागातला नाला सरळ आणि काँक्रिटचा केला की तिथलं पाणी तुंबणं थांबतं आणि खालच्या वस्तीत पाणी शिरतं. काम यशस्वी झाल्याची नोंद होते, कारण खालची वस्ती बहुधा दुसऱ्याच्या हद्दीत असते.

या धावत्या पाण्यासोबत रस्त्यावरचं सगळं जातं. ब्रेकमधून झिजलेलं तांबं, टायर आणि जस्तलेपित पत्र्यांमधलं जस्त, तेल, बागांतलं खत, कुत्र्यांची विष्ठा. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या जोरदार सरीचं पाणी त्यामुळे सर्वांत घाण असतं. पाणलोट क्षेत्राचा साधारण दहावा हिस्सा डांबर-काँक्रिटखाली किंवा छपरांखाली गेला की ओढ्यातल्या जीवसृष्टीवर परिणाम दिसू लागतात, असं ठिकठिकाणच्या अभ्यासांत आढळलं आहे. जुन्या शहरांत मैलापाणी आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीतून जातं, तिथे प्रश्न आणखी बिकट. वाहिनी भरली की ती फुटू नये म्हणून ठेवलेल्या सांडव्यांतून दोन्ही पाणी मिसळून थेट नदीत किंवा बंदरात सोडलं जातं.

जे पाणी मुरायचं राहिलं, त्याची किंमत पिण्याच्या पाण्यात मोजावी लागते. किनारपट्टीवर जमिनीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते किंचित हलकं असतं. दोन्हींच्या घनतेतला फरक इतका थोडा आहे, की समुद्रसपाटीच्या वर भूजल एक मीटर असेल तर त्याखाली गोड्या पाण्याची जाडी साधारण 40 मीटर राहू शकते. हे प्रमाण उलटंही लागू पडतं. जास्त उपसा आणि कमी पुनर्भरण यांमुळे पातळी एक मीटर खाली गेली, तर कालांतराने खारं पाणी 40 मीटर वर सरकू शकतं, आणि एकदा मचूळ झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला फार वेळ लागतो. पावसाळी नाल्यांचा अभियंता आणि पाणीपुरवठ्याचा अभियंता एका टेबलावर बसायला हवेत, ते यासाठी.

आता समुद्राकडे. समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळं असतात, फुलं येतात, आणि जमिनीवरच्या गवतासारखाच त्याला प्रकाश लागतो. अनेक जातींना पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचा साधारण पाचवा हिस्सा तळापर्यंत पोचावा लागतो. पाण्यात नत्र वाढलं की सूक्ष्म प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अतिबारीक वनस्पती, फोफावतं, पाणी हिरवट गढूळ होतं आणि प्रकाश अडतो. गवत मरायला सुरुवात होते ती सर्वांत खोल कडेला, म्हणजे जिथे आधीच प्रकाश जेमतेम पोचत असतो. वरून पाहणाऱ्याला काठाजवळचं गवत जागच्या जागी दिसतं आणि समुद्रातलं हे कुरण खोल कडेकडून आकसत जातं. त्याच्या मुळांनी धरलेला गाळ सुटतो, पाणी आणखी गढूळ होतं, आणि उरलेल्या गवतावर पुन्हा सावली पडते.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातला टँपा उपसागर या चक्रात सापडला होता. 1950 च्या सुमारास तिथे जवळपास 40 हजार एकर समुद्रगवत होतं, 1982 साली ते सुमारे 21,600 एकर उरलं. गवत पुन्हा लावण्यावर भर देण्याऐवजी तिथे नत्र कमी करण्यावर भर दिला गेला, आणि माझ्या मते तेच सर्वांत शहाणपणाचं होतं. टँपा शहराच्या मैलापाणी केंद्रात 1979 मध्ये नत्र काढून टाकणारी प्रक्रिया सुरू झाली. पुढे 1996 मध्ये उपसागराभोवतालची शहरं, जिल्हे, वीज आणि खत उद्योग एकत्र आले आणि कोणी किती नत्र कमी करायचं याची वाटणी करून घेतली. 38 हजार एकरांचं उद्दिष्ट 2014 च्या पाहणीत पार झालं आणि 2016 मध्ये आकडा 41,600 एकरांच्या वर गेला. लाखो लोकांची वस्ती वाढत असताना हे झालं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ते टिकलं नाही, हेही सांगायला हवं. 2022 च्या पाहणीत क्षेत्र पुन्हा 30 हजार एकरांच्या आसपास आलं. 2021 च्या वसंतात पायनी पॉइंट इथल्या बंद पडलेल्या खत कारखान्याच्या तलावाला गळती लागली, आणि बांध फुटू नये म्हणून सुमारे 81 कोटी लीटर नत्रयुक्त पाणी उपसागरात सोडावं लागलं. घसरण मात्र त्याआधीच सुरू झाली होती, आणि ज्या भागात भरती-ओहोटीने पाणी नीट बदलत नाही तिथे ती जास्त होती. नत्राचा हिशेब एकदा जुळवून फाइल बंद करता येत नाही.

नत्राइतकाच दुसरा शत्रू म्हणजे गाळ. नदीच्या गोड्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यात पोचले की क्षार तो परस्परविरोध कमी करतात, कण गोळा होतात आणि तळाला बसतात. म्हणून डोंगरावरून आलेली माती नेमकी खाडीच्या तोंडाशी साचते, जिथे शिंपले आणि किडे भरपूर असतात. दोन सेंटिमीटरहून जाड चिकणमातीचा थर काही दिवस राहिला तरी खालचे बहुतेक जीव गुदमरतात.

न्यूझीलंडच्या गिझबर्न भागात याचं भलंमोठं उदाहरण आहे. मार्च 1988 मध्ये बोला चक्रीवादळात तिथे काही ठिकाणी मोजक्या दिवसांत 900 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि चराऊ डोंगरउतार कोसळले. उपाय म्हणून उतारांवर पाइनची लागवड झाली. झाडं उभी होती तोवर माती धरली गेली. पण हे पाइन साधारण 28 ते 30 वर्षांत तोडायला येतात. तोडणीनंतर जुनी मुळं कुजत जातात आणि नव्या रोपांची मुळं अजून पकड घेत नाहीत, अशी काही वर्षांची फट राहते. फेब्रुवारी 2023 मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळ आलं तेव्हा अनेक उतार नेमके त्या अवस्थेत होते. तोडणीतलं टाकाऊ लाकूड आणि गाळ नद्यांतून खाली आला, पुलांना अडकला आणि समुद्रकिनाऱ्यांवर ओंडक्यांचे ढीग साचले. एकाच वेळी किती उतार मोकळा करायचा, या डोंगरावरच्या परवानगीने किनाऱ्याचं काय होणार ते ठरवलं.

ही घटना न्यूझीलंडमध्ये घडावी, यात शिकण्यासारखं आहे; कारण स्थानिक शासनाची हद्द पाण्याप्रमाणे आखण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग याच देशाने केला. 1989 च्या पुनर्रचनेत आठशेहून अधिक छोट्या संस्था मोडून 86 केल्या गेल्या आणि प्रादेशिक परिषदांच्या सीमा मुख्यतः नद्यांच्या पाणलोटांवरून ठरवल्या. 1991 च्या कायद्याने जमिनीची धूप रोखणं, गोडं पाणी आणि किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचा समुद्र यांचं नियोजन एकाच परिषदेकडे दिलं. डोंगराच्या माथ्यापासून समुद्रापर्यंत एकच जबाबदार संस्था. सीमा बरोबर आखल्याने सगळं सुटत नाही, हे गिझबर्नने दाखवलं, तरी चुकीच्या सीमांवर कितीही चांगले अधिकारी नेमून उपयोग नाही, असंच मला वाटतं.

या कारभारात किती बारीक गोष्टी येतात, त्याचं एक उदाहरण मला सारखं आठवतं. तिथे इनांगा नावाचा बोटाएवढा मासा आहे. उधाणाच्या भरतीला खारं पाणी नदीत जिथवर शिरतं, त्या टप्प्यात काठावरचं गवत पाण्याखाली जातं आणि मादी त्या गवताच्या बुडख्यांत अंडी घालते. पाणी ओसरतं, अंडी उघड्यावर राहतात. दाट गवताच्या सावलीत, ओलाव्यात ती दोन ते चार आठवडे तग धरतात. पुढचं उधाण आलं की ती भिजून फुटतात, पिल्लं समुद्रात वाहत जातात आणि काही महिन्यांनी परत नदीत चढतात. आता नदीकाठचा पूरबांध साफ दिसावा म्हणून कोणी याच काळात गवत कापलं, की उन्हात अंडी वाळून जातात. कापणीच्या वेळापत्रकात एक महिना पुढे-मागे केला तर एक पिढी वाचते. गवत उरलेलं नसेल तिथे ख्राइस्टचर्चच्या संशोधकांनी काठावर पेंढ्याचे गठ्ठे ठेवून पाहिले, आणि माशांनी त्यांत अंडी घातली. पूरबांधाची देखभाल करणाऱ्या ठेकेदाराच्या करारात हा महिना लिहिलेला असायला हवा. मत्स्यतज्ज्ञाच्या अहवालात तो असून भागत नाही.

पुराच्या नियोजनात आणखी एक घोटाळा 'शंभर वर्षांचा पूर' या शब्दप्रयोगाने होतो. एकदा येऊन गेला म्हणजे आता शंभर वर्षं निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच अर्थ आहे. तीस वर्षं फेडायच्या कर्जावर घेतलेल्या घराला त्या काळात असा पूर निदान एकदा लागण्याची शक्यता 26 टक्के होते. आणि हीसुद्धा जुन्या नोंदींवरून काढलेली. तापमान एक अंश वाढलं की हवा साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. समुद्राची सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटिमीटर वाढली, त्यामुळे भरतीच्या वेळी पावसाळी वाहिन्यांच्या तोंडावरच्या झडपा जास्त वेळ बंद राहतात. ते तास पावसाच्या पाण्याला शहरातच कुठेतरी थांबावं लागतं. कुठे, हे आधी ठरवलं नसेल तर ते तळघरांत थांबतं.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये 2 जुलै 2011 रोजी नेमकं तसं झालं. दोन-तीन तासांत काही भागांत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस कोसळला. नुकसान सहा अब्ज डॅनिश क्रोनरच्या घरात गेलं. पुढच्याच वर्षी शहराने ढगफुटीचा आराखडा मंजूर केला. सगळं पाणी मावेल एवढ्या वाहिन्या जमिनीखाली टाकणं जास्त महाग पडत होतं, म्हणून पाण्याला जमिनीवरच रीतसर जागा देण्याचं ठरलं. शंभर वर्षांच्या पावसातही रस्त्यावर दहा सेंटिमीटरहून जास्त पाणी चढू नये, हे माप आहे. सुमारे 300 कामं त्यासाठी नेमली गेली. त्यातली एन्गहावे बाग पाहा. बागेच्या तीन बाजूंनी बसायला सोयीची ठेंगणी भिंत आहे आणि मधलं मैदान खाली घेतलं आहे. एरवी तिथे मुलं खेळतात. ढगफुटी झाली की भिंतीतल्या फटी बंद होतात आणि बागेत दोन कोटी लीटरांहून अधिक पाणी साठवता येतं.

याच शहराने त्याआधी बंदरात जाणारं मैलापाण्याचं उतू जाणं साठवण टाक्या बांधून कमी केलं होतं, आणि 2002 मध्ये बंदराच्या पाण्यात पोहण्याची जागा खुली केली. पुरासाठी आणि समुद्रासाठी केलेलं काम तिथे एकमेकांच्या कामी आलं. पैशाची अडचण मात्र कायद्यात होती. नागरिकांच्या पाणीपट्टीतून वाहिनी टाकता येत होती. बाग खोल करता येत नव्हती, कारण बाग वेगळ्या खात्याची. डेन्मार्कने कायदा बदलला आणि पृष्ठभागावरच्या अशा कामांनाही पाणीपट्टीचा पैसा वापरण्याची मुभा दिली. मला हा बदल सगळ्या अभियांत्रिकीपेक्षा मोठा वाटतो.

अशी तळी, खळगे, शोषखड्डे बांधायला निधी मिळतो. गाळ काढायला मिळत नाही, ही बहुतेक ठिकाणची रड आहे. साठवण तळं आपलं काम करतं म्हणजे रस्त्यावरचं जस्त, तांबं आणि माती स्वतःत धरून ठेवतं. ते भरत गेलं की साठवणीची जागा कमी होते, आणि पुढच्या मोठ्या पावसात तळाचा गाळ ढवळून खाडीत जाऊ लागतो. तो काढून वाळवणं, तपासणं आणि सुरक्षित जागी टाकणं खर्चिक आहे आणि दर काही वर्षांनी करावंच लागतं. त्या खर्चाला अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष हवं, आणि तळं मंजूर होईल त्याच दिवशी ते उघडलेलं हवं.