शेवटचे दोन रेप कुठून येतात?

एकट्याने व्यायाम करताना जे वजन आठव्या रेपला (वजन एकदा उचलून खाली आणणे म्हणजे एक रेप) हातातून सुटू पाहते, तेच वजन सोबतीला दोन मित्र उभे असले की दहाव्या रेपपर्यंत जाते, हा अनुभव जिममध्ये आणि तालमीत जाणाऱ्या बहुतेकांनी घेतलेला असतो. त्याची दोन स्पष्टीकरणे हमखास ऐकायला मिळतात. पहिले असे की, हा सगळा मनाचा खेळ आहे आणि स्नायूंचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुसरे अधिक आकर्षक असल्यामुळे समाजमाध्यमांवर वेगाने फिरते: माणूस एरवी आपल्या ताकदीचा जेमतेम तिसरा हिस्सा वापरतो आणि उरलेली ताकद समूहाच्या ‘ऊर्जे’ने किंवा ‘व्हायब्रेशन्स’नी जागी होते. ही दोन्ही स्पष्टीकरणे चुकीची आहेत, आणि ती का चुकीची आहेत हे समजून घेताना मज्जासंस्थेच्या एका अत्यंत देखण्या नियमाची ओळख होते.

तिसऱ्या हिश्श्याचा दावा तपासणे अवघड नाही. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ मर्टन यांनी 1954 साली अंगठ्याच्या एका स्नायूवर साधा प्रयोग केला. व्यक्तीने अंगठा पूर्ण जोर लावून दाबायचा आणि त्याच क्षणी त्या स्नायूच्या चेतेला विजेचा एक सूक्ष्म झटका द्यायचा. स्नायूतील काही तंतू मेंदूने कामाला लावलेच नसतील, तर या झटक्यामुळे ते आकुंचन पावतील आणि जोराच्या आलेखावर एक छोटी उसळी दिसेल. ताज्या स्नायूने मनापासून जोर लावला असता ही उसळी दिसलीच नाही. पुढे दंड आणि मांडी यांच्या मोठ्या स्नायूंवर अशीच मोजमापे झाली आणि निरोगी माणूस पूर्ण प्रयत्नाच्या वेळी बहुधा 90 टक्क्यांहून अधिक क्षमता वापरतो असे आढळले. ताज्या स्नायूत दोन तृतीयांश ताकद झोपलेली नसते. मग शेवटचे ते दोन रेप येतात कुठून?

उत्तरासाठी मज्जारज्जूपर्यंत जावे लागेल. मज्जारज्जूतील एक प्रेरक चेतापेशी आणि तिने जोडलेले सर्व स्नायुतंतू मिळून एक ‘मोटर युनिट’ होते. त्या चेतापेशीकडून संदेश आला की तिचे सगळे तंतू एकाच वेळी आकुंचन पावतात. त्यांतले निम्मे कामाला लागले आणि निम्मे थांबले, असे होत नाही. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका युनिटमध्ये जेमतेम दहाएक तंतू असतात, तर पोटरीच्या मोठ्या स्नायूत एकेका युनिटमध्ये हजाराहून अधिक. एकाच स्नायूतही लहान आणि मोठी अशी दोन्ही प्रकारची युनिट असतात. लहान युनिट कमी जोराची, मंद, पण चिवट असतात. मोठी युनिट जोरकस, वेगवान, पण लवकर थकणारी असतात.

आता प्रश्न असा की, यांना कामावर बोलावण्याचा क्रम कोण ठरवते? हार्वर्डमधील एल्वुड हेनमन यांनी 1957 पासून मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की हा क्रम जवळजवळ नेहमी एकच असतो: आधी लहान, मग मध्यम, शेवटी सर्वांत मोठी. चमचा उचलायचा असो वा तांदळाचे पोते, सुरुवात लहान युनिटपासूनच होते. मला या नियमाचे सर्वाधिक कौतुक वाटते ते अशासाठी की, मेंदूला प्रत्येक वेळी युनिटची निवड करावीच लागत नाही. शाळेत शिकलेला ओहमचा नियम आठवावा. लहान चेतापेशीच्या आवरणाचे क्षेत्रफळ कमी असते, म्हणून तिचा विद्युतरोध जास्त असतो. सर्व चेतापेशींकडे सारखाच प्रवाह आला, तर जास्त रोध असलेल्या लहान पेशीत विभवांतर (व्होल्टेज) अधिक निर्माण होते आणि ती आपली उंबरठा-पातळी, म्हणजे संदेश सुटण्यासाठी लागणारी पातळी, आधी गाठते. मोठ्या पेशीचा रोध कमी असल्यामुळे तिला पेटवायला अधिक प्रवाह लागतो. म्हणजे मेंदूने केवळ ‘किती’ हे सांगायचे. ‘कोणी’ हे पेशींच्या आकारानेच ठरलेले असते. याखेरीज जोर वाढवण्याचा दुसरा मार्गही असतो. तो म्हणजे कामावर आलेल्या युनिटकडून दर सेकंदाला अधिक संदेश पाठवणे. दंडाच्या बायसेप्समध्ये कमाल जोराच्या सुमारे 85 टक्क्यांपर्यंत नवी युनिट सामील होत राहतात आणि त्यापुढची वाढ प्रामुख्याने संदेशांची वारंवारता वाढवून साधली जाते.

या नियमाचा व्यायामाशी थेट संबंध आहे. मध्यम वजनाने सेट, म्हणजे सलग रेपची एक फेरी, सुरू झाला की पहिल्या काही रेपमध्ये मोठी युनिट स्वस्थच असतात. लहान युनिट थकू लागली की तोच जोर टिकवण्यासाठी मेंदूला आज्ञा वाढवावी लागते, आणि त्या वाढीव आज्ञेमुळे मोठ्या युनिटची पाळी येते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमाल वजनाच्या केवळ 30 टक्के वजनाने, मात्र अगदी थकेपर्यंत, दहा आठवडे व्यायाम करणाऱ्यांच्या मांडीचा स्नायू 80 टक्के वजन वापरणाऱ्यांइतकाच वाढला. कमाल वजन उचलण्याची ताकद मात्र जड वजनाने अधिक वाढली. तेव्हा हलक्या वजनाच्या सेटमध्ये शेवटच्या काही रेपना इतके मोल का, हे यावरून कळते: मोठ्या युनिटपर्यंत पोहोचण्याची वाट तिथूनच जाते.

अडचण अशी की नेमकी हीच वेळ थांबण्याची असते. थकणाऱ्या स्नायूत जमा होणाऱ्या रसायनांची वर्दी बारीक संवेदी चेतातंतू मज्जारज्जूला आणि मेंदूला देतात, जळजळ वाढते, प्रेरक चेतापेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि मेंदूची आज्ञाही उतरू लागते. मर्टन यांचा झटक्याचा प्रयोग या अवस्थेत केला, तर ताज्या स्नायूत न दिसलेली ती उसळी आता दिसू लागते. याला केंद्रीय थकवा म्हणतात. याचा अर्थ, राखीव ताकद असते, पण ती सेटच्या शेवटी शिल्लक उरते, आणि किती उरू द्यायची हे थोड्याफार प्रमाणात प्रयत्नावर अवलंबून असते. म्हणूनच स्नायूंची कमाल ताकद मोजणाऱ्या प्रयोगशाळांत व्यक्तीला मोठ्याने प्रोत्साहन देणे हा मोजमापाच्या पद्धतीचाच भाग मानला जातो. सोबत्यांचा आवाज काम करतो तो याच ठिकाणी. तो स्नायूत नवी ताकद ओतत नाही. उतरणारी आज्ञा थोडा वेळ टिकवून धरतो.

सोबत असली की प्रयत्न वाढतोच, असे मात्र नाही. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष 1913 मध्ये प्रसिद्ध केले. आठ जणांनी मिळून दोर ओढला असता प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्याच्या जोराच्या सुमारे 49 टक्क्यांवर आला. त्यातला काही भाग ओढण्याचा ताल न जुळल्यामुळे गेला; पण 1974 मध्ये डोळे बांधलेल्या व्यक्तीला ‘तुझ्यामागे इतरही ओढत आहेत’ असे भासवले, प्रत्यक्षात मागे कोणीच ओढत नव्हते, तरीही तिचा जोर घटला. आपला वाटा वेगळा दिसणार नाही हे जाणवले की माणूस नकळत हात आखडता घेतो.

याच्या नेमके उलट चित्र जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो कोहलर यांना 1926 च्या सुमारास बर्लिनच्या नौकानयन मंडळातील सभासदांमध्ये दिसले. एकट्याने 41 किलोची दांडी दंडाच्या बळावर पुन्हा पुन्हा उचलायची आणि जोडीने 82 किलोची. जोडीतल्या एकाने हात टेकले की दुसऱ्यालाही थांबणे भाग. या अटीवर जोडीतील कमकुवत सदस्य एकटा असताना टिकायचा त्याहून अधिक काळ टिकला. दोघांच्या क्षमतेत मध्यम अंतर असेल तेव्हा हा परिणाम सर्वाधिक होता. अंतर नगण्य किंवा फार मोठे असेल तर तो कमी होत गेला. आपल्याहून थोड्या सरस माणसाशी होणारी तुलना आणि आपल्यामुळे गट थांबेल ही जाणीव, ही त्याची दोन कारणे आज मानली जातात. मिशिगन राज्य विद्यापीठातील 2011 च्या अभ्यासात प्लँकसारख्या (कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ तोलून धरण्याच्या) व्यायामांत पडद्यावर दिसणाऱ्या सरस जोडीदारामुळेही लोक सुमारे 24 टक्के अधिक वेळ टिकले.

कोल्हापूरच्या तालमींत वस्ताद नव्या मल्लाला त्याच्याहून थोडा वरचढ जोडीदार देतात, तेव्हा कोहलरच्या निष्कर्षाशी जुळणारेच काहीतरी घडत असते. शिवाय सगळे मिळून मोठ्याने मोजत जोर-बैठका मारण्यात आणखी एक घटक आहे, तो म्हणजे ताल. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बारा नौकानयनपटूंनी 45 मिनिटे वल्हवण्याचा व्यायाम एकदा एकेकट्याने केला आणि एकदा संघाने एका लयीत केला. प्रयत्न सारखाच असूनही संघाने व्यायाम केल्यानंतर त्यांची वेदना सहन करण्याची क्षमता लक्षणीय अधिक वाढली. संशोधकांनी याचा संबंध मेंदूतील एंडॉर्फिन या वेदना शमवणाऱ्या रसायनाशी जोडला, पण एंडॉर्फिन त्यांनी प्रत्यक्ष मोजले नव्हते. दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून वेदनेचा उंबरठा तेवढा मोजला होता. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण या एका प्रयोगाच्या आधारे ‘एंडॉर्फिन वाढवणारे वर्ग’ जाहिरातींतून सर्रास विकले जातात. गटातल्या ‘सकारात्मक लहरीं’ची भाषा तर त्याहून पोकळ आहे. शास्त्राने दिलेले स्पष्टीकरण इतके सुंदर असताना तिची गरजही नाही.

जी यंत्रणा थांबण्याची वेळ पुढे ढकलते, तीच नवख्याला धोक्यातही नेऊ शकते. महिनोन्‌महिने व्यायाम नसलेल्या माणसाने गटाच्या भरात पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारल्या, तर स्नायुतंतू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर आघात करते. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत लघवी चहासारखी गडद झाली, स्नायू सुजले आणि वेदना नेहमीच्या ठणक्यापलीकडे गेली, तर घरगुती लेप लावत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नव्या सभासदाला पहिले दोन-तीन आठवडे गटाबरोबर उभे करावे, पण त्याची संख्या गटाने नव्हे, वस्तादाने ठरवावी. त्या काळात वाढणारी ताकद बहुतांशी मज्जासंस्थेच्या सरावातून येते आणि त्यासाठी थकून कोसळण्याची आवश्यकता नसते.