गुणमूल्य-व्यवस्थापन (भौगोलिक माहिती प्रणाली)

शेतगट, विहीर, रस्ता, गावशीव असे नकाशावरील घटक संगणकावर दुरुस्त करताना त्यांच्याशी जोडलेली माहिती, म्हणजे त्यांची गुणमूल्ये, बिनचूक राखण्याची पद्धत. प्रत्येक घटकामागे तक्त्यात एक ओळ असते; गट क्रमांक, क्षेत्र, आकारणी हे तिचे रकाने.

या पद्धतीचा उगम सामान्यतः १९६० च्या दशकात भूगोलतज्ज्ञ रॉजर टॉमलिन्सन यांनी उभारलेल्या कॅनडाच्या भौगोलिक प्रणालीत मानतात. तीत आकृती व वर्णन वेगवेगळ्या संचांत ठेवलेले असे. काही जण तो संगणकतज्ज्ञ एडगर कॉड यांच्या संबंधात्मक प्रतिमानात (माहिती परस्परांशी जोडलेल्या तक्त्यांत मांडण्याच्या रीतीत) शोधतात; पण ते १९७० मधले. त्यामुळे पहिले मतच अधिक ग्राह्य वाटते.

खरी कसोटी विभाजनाच्या वेळी लागते. समजा, २.४० हेक्टरच्या गटाचे वाटणीने १.५० व ०.९० हेक्टरचे दोन पोटहिस्से पाडले. क्षेत्राच्या रकान्याचे धोरण ‘नक्कल’ असेल तर दोन्ही तुकड्यांवर २.४० उतरते आणि गावाच्या बेरजेत एकच जमीन दोनदा धरली जाते. म्हणून रकान्यागणिक धोरण ठरवावे लागते: नक्कल, ठरावीक मूल्य किंवा क्षेत्राच्या प्रमाणात वाटणी. आर्कजीआयएस या नकाशा-आज्ञावलीत ते डोमेनला (रकान्यात चालणाऱ्या मूल्यांच्या नियमाला) जोडतात, क्यूजीआयएस या दुसऱ्या आज्ञावलीत रकान्याच्या मांडणीत नोंदवतात. गाव-तालुक्याला नक्कल चालते, आकारणीला प्रमाण. पोटखराबीला (गटातील लागवडीस अयोग्य जमिनीला) मात्र प्रमाण लावू नये. वरील गटात नाल्याकाठी ०.२० हेक्टर पोटखराब असेल, तर यंत्र ०.१२५ व ०.०७५ अशी वाटणी करील; प्रत्यक्षात ती सगळी नाल्याकडच्या तुकड्यातच असते. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि आकृतीवरून काढलेले क्षेत्र यांसाठी तर दोन स्वतंत्र रकानेच हवेत. कारण आकृतीवरचे क्षेत्र प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या रीतीवर, अवलंबून असते. मराठवाड्याच्या अक्षांशांवर ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर प्रक्षेपणात क्षेत्रफळ सुमारे १२ टक्के फुगते. पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारे यूटीएम प्रक्षेपण वापरल्यास बहुतेक मराठवाडा ४३ व्या पट्ट्यात बसतो, पण किनवट ४४ व्या पट्ट्यात जाते.

एकत्रीकरणात क्षेत्राची बेरीज व दरांची भारित सरासरी घेतात.

नावांच्या रकान्यांत वेगळी अडचण येते. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाली; २०११ च्या जनगणनेचे ५१५ व ५२५ हे संकेतांक मात्र जुन्या तक्त्यांशी जोडणीसाठी कायम उपयोगी पडतात. जोडणी नावावर न करता संकेतांकावरच करावी. नावांची लांबीही बदलते. यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘औरंगाबाद’ला २४ बाइट पुरत, ‘छत्रपती संभाजीनगर’ला ४९ लागतात. शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइलप्रकारात ३० बाइट रुंदीचा रकाना ठेवलेला असेल तर नवे नाव मधेच तुटते. रकान्याच्या शीर्षकाला तर तिथे दहाच बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीची जेमतेम तीन चिन्हे.

रिकामे मूल्य आणि शून्य यांतला भेद विशेष जपावा लागतो. न मोजलेल्या विहिरीची पाणीपातळी रिकामी ठेवायची असते. शेपफाइलमध्ये साठवताना काही आज्ञावल्यांत ती शून्य होऊन उतरते. पातळी जमिनीपासूनच्या खोलीत मोजलेली असेल तर अशी विहीर काठोकाठ भरलेली दिसते. हा भेद जिओपॅकेज या नव्या फाइलप्रकारात टिकतो.