कुत्र्याची खाज आणि सोप्यातली पिसू

पाऊस लागला की पशु आस्पत्रेच्या, म्हणजे दवाखान्याच्या, दारात एक तक्रार हमखास ऐकू येते. "मानेवर औषध सोडलं, आठ दिवस बरं होतं, आता परत शेपटीच्या बुडाला चावून चावून रक्त काढतंय. औषध डुप्लिकेट असणार." औषध बहुतेक वेळा खरंच असतं. चुकतो तो हिशेब. कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवा आपण धरतो, सोप्यातल्या, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीतल्या, धरतच नाही.

आधी 'लूत' हा शब्द थोडा बाजूला ठेवू. केस गेलेलं, खाजवणारं कुत्रं दिसलं की 'लूत भरली' म्हणून आपण मोकळे होतो. पण त्या एका शब्दाखाली निदान पाच वेगळे आजार येतात, आणि खाज कुठे आहे यावरून त्यांचा बराचसा अंदाज येतो. शेपटीचं बूड, कंबर आणि मांड्यांची आतली बाजू खाजत असेल तर पिसवांची अ‍ॅलर्जी. कानाच्या कडा, कोपरं, मागचे घोटे आणि पोट असेल तर खरजेचा किडा. अशा कुत्र्याच्या कानाची कड बोटांत धरून चोळली की मागचा पाय बहुधा आपोआप खाजवायला लागतो. पंजे चाटून चाटून तांबूस झाले असतील, कान आणि काखा लाल असतील तर धूळ-परागकणांची किंवा खाण्याची अ‍ॅलर्जी. पिल्लाच्या डोळ्यांभोवती, तोंडाभोवती केस गेलेत पण ते फारसं खाजवत नाही, तर डेमोडेक्स, म्हणजे केसांच्या मुळांत राहणारा बारीक किडा. अंग तेलकट आणि वास आंबूस, तर यीस्ट नावाची बुरशी, आणि ते बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी आजारावर स्वार होऊन आलेलं असतं. किडे आणि यीस्ट यांची खात्री कातडीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून करतात, अ‍ॅलर्जीची मात्र तशी होत नाही.

या सगळ्यांत आपल्याकडे फार आढळणारी आणि तरीही नाकारली जाणारी गोष्ट म्हणजे पिसू. "आमच्या कुत्र्यावर एकही पिसू नाही," असं मालक शपथेवर सांगतात, आणि त्यांना खरंच दिसत नाही. अ‍ॅलर्जी असलेलं कुत्रं इतकं चाटतं की पिसवा गिळून टाकतं. म्हणून पिसू शोधू नका, तिची विष्ठा शोधा. पांढरा कागद ओला करून खाली धरा आणि उवांच्या बारीक फणीनं शेपटीच्या बुडाचे केस विंचरा. पडलेल्या काळ्या कणांभोवती मिनिटभरात तांबूस वलय उमटलं, तर ते वाळलेलं रक्त आहे. माती असेल तर काळीच राहते.

एवढीशी पिसू एवढी खाज कशी उठवते? पिसू चावताना लाळ सोडते, आणि भांडण त्या लाळेतल्या प्रथिनांशी आहे. अ‍ॅलर्जी नसलेलं कुत्रं शंभर पिसवा घेऊन निवांत झोपेल. अ‍ॅलर्जीवाल्याला थोडे चावेही पुरतात. त्याच्या कातडीतल्या, सूज उठवणाऱ्या मास्ट पेशींवर आयजीई नावाची प्रतिपिंडं आधीच चिकटून बसलेली असतात. लाळ पोचली की पंधरा-वीस मिनिटांत पहिली सूज येते, आणि 24 ते 48 तासांनी दुसरी लाट. त्यातच प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी इंटरल्यूकिन-31 हा निरोप्या सोडतात. तो थेट मज्जातंतूच्या टोकावरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतो, आत जॅक-1 हे विकर (एन्झाइम) जागं होतं आणि मेंदूला 'खाजव' असा संदेश जातो. या वाटेवर हिस्टामिन लागतच नाही. म्हणूनच हिस्टामिन अडवणारी सेट्रिझिनची गोळी माणसाच्या अंगावर उठणाऱ्या पित्तावर चालते आणि कुत्र्याच्या खाजेवर बहुतेकदा वाया जाते.

आता खरी गंमत. पिसू दिवसाला स्वतःच्या वजनाच्या साधारण 15 पट रक्त पिते. एवढं तिला पचत नाही. अर्धवट पचलेलं रक्त ती मागून टाकत राहते, आणि हे वाळलेले कणच तिच्या अळ्यांचं अन्न. पहिल्या जेवणानंतर 24 ते 48 तासांत ती अंडी घालायला लागते, दिवसाला 40-50 पर्यंत. अंडी गुळगुळीत, केसांना चिकटत नाहीत. कुत्रं अंग झाडतं आणि मिठासारखी अंडी नि मिऱ्याच्या पुडीसारखी विष्ठा एकाच जागी सांडते: गोणपाटावर, सोप्यात, जिन्याखाली. पोरांसोबत शिदोरीही खाली पडते म्हणा ना.

अळी उजेड टाळते आणि फटीत खाली शिरते. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांखाली गेली की ती वाळून मरते. 27 अंशांच्या आसपासचं तापमान आणि 75-80 टक्के दमटपणा तिला फार मानवतो. बेळगावच्या घाटमाथ्यावरच्या जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचा पावसाळा म्हणजे तिला माहेर. कोरड्या अथणीकडच्या उन्हाळ्यात उघड्या अंगणातली अळी टिकत नाही, पण रांजणाखालच्या ओलाव्यात तिथंही टिकते.

शेवटी अळी रेशमाचा चिकट कोष विणते. त्याला धूळ चिकटते, कोष मातीच्या खड्यासारखा दिसतो आणि फवाऱ्याचं औषध त्याच्या आत नीट पोचत नाही. आतली पिसू आठ-पंधरा दिवसांत तयार होते. पण बाहेर यायची घाई तिला नसते. जमिनीचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची ती वाट बघते, प्रसंगी पाच-सहा महिने. पुण्या-मुंबईची मंडळी चतुर्थीला येऊन बंद घराचं कुलूप काढतात आणि तासाभरात सगळ्यांच्या घोट्यांवर पुरळ येतं, ते यामुळे. त्याला करणी म्हणून अंगारा लावणारे आहेत. अंगाऱ्यानं पिसू हलत नाही, पावलांच्या दणक्यानं हलते.

तेव्हा आठ दिवसांनी दिसलेली पिसू बहुधा औषधाला न जुमानणारी नसते, ती नुकतीच कोषातून उठलेली असते. औषधाचं काम एवढंच की नव्या पिसवेला अंडी घालण्याआधी, म्हणजे 24 तासांच्या आत मारायचं. जमिनीतली जुनी शिल्लक संपायला सहसा तीन महिने तरी लागतात. एक महिना औषध आणि दोन महिने कंटाळा, हे गणित कधीच सुटत नाही.

घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच दिवशी औषध द्या. मानेवर सोडायचं फिप्रोनिल कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं. म्हणून आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको, आणि केस बाजूला करून थेंब कातडीवरच पडायला हवेत. कुत्र्यांच्या चघळायच्या गोळ्यांत अफोक्सोलानेर महिनाभर पुरतं, फ्लुरालानेर 12 आठवडे. खरजेच्या किड्यावरही त्या चालतात. वजनाच्या पट्ट्यातलीच गोळी घ्या, मोठी आणून अर्धी करू नका. कुत्र्याला फेफरं येत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. कुत्र्याच्या विष्ठेजवळ तांदळासारखे तुकडे दिसले तर पिसवेतून आलेला पट्टकृमी आहे, त्याचंही औषध मागा.

गोणपाट आठवड्याला कडकडीत पाण्यातून काढा. पावसात वाळत नसेल तर नवं टाका, जुनं जाळा. फरशीच्या सांध्यांतली आणि चौकटीच्या फटींतली धूळ केरसुणीनं ओढून घराबाहेर न्या. पायरीप्रॉक्सिफेनचा फवारा अंडी-अळ्यांची वाढ थांबवतो. तो कुत्रं बसतं तिथेच मारा, वाळेपर्यंत जनावरांना लांब ठेवा. उन्हातल्या अंगणावर पैसे घालवू नका.

कातडीवर फोड किंवा वास असेल तर 2 ते 4 टक्के क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू, आठवड्यातून दोनदा. फेस दहा मिनिटं अंगावर राहायला हवा, तेवढा वेळ घड्याळ बघा. बहुतेक जण दोन मिनिटांत धुऊन टाकतात. कपड्याचा साबण नको. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो.

आता जे करू नये ते. निपाणीच्या बाजूला तंबाखू हाताशी असते म्हणून तिचं पाणी चोळायचा सल्ला मिळतो. निकोटिन कातडीतून शिरतं, वर कुत्रं ते चाटतं. उलटी, थरथर, झटके. जळकं ऑइल आणि रॉकेल यांनी कातडी भाजते. गोठ्यातल्या गोचिडांचं सायपरमेथ्रिन कुत्र्यावर अंदाजानं ओतू नका, आणि परमेथ्रिन हे कीटकनाशक तर मांजराच्या जिवावर बेततं. जनावरांचं आयव्हरमेक्टिन टोचणं धोक्याचं आहेच, कोली या मेंढपाळ जातीच्या रक्ताच्या कुत्र्यांत ते मेंदूत शिरतं. वर नेहमीच्या मात्रेला पिसू त्यानं नीट मरतही नाही. "एक इंजेक्शन मारा, खाज थांबते" यातलं इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचं. ते थोडे दिवस जरूर द्यावं, पण दर तीन आठवड्यांनी तेच चाललं असेल तर खाज झाकली जातेय आणि पिसू जेवतेय. डेमोडेक्स असेल तर स्टेरॉइडनं तो भडकतो.

तीन महिने हे सगळं नेमानं करूनही पंजे चाटणं थांबलं नाही, तर खाण्याकडे वळा. कुत्र्यानं पूर्वी कधी न खाल्लेलं एकच मांस आणि बटाटा, आठ आठवडे. दूध नाही, बिस्कीट नाही, ताटातला भाकरीचा तुकडाही नाही.

आणि तिसऱ्या महिन्यातही ओल्या कागदावर तांबूस वलय उमटत असेल, तर तोच कागद शेजारच्यांच्या मांजराखाली धरून बघा.